संकटकाळची शिदोरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात कुटुंबमेळाव्यापुढे दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या सप्ताहात संकटाची भाषा बोलावी, हे आपणांपैकी कित्येकांस रुचणार नाही. ख्रिस्तमंदिरावर रोषणाई झाली आहे, बाहेरगावचे आप्तेष्ट आले आहेत, पंक्तीची तयारी चालू आहे. आणि अशा वेळी फादर उभे राहून पूर, भूकंप व आग यांच्या गोष्टी सांगणार, हा काय प्रसंग, असे कोणी मनात म्हणत असल्यास मी त्यास दोष देणार नाही. तथापि ज्या घरी मंगलकार्य असते त्या घरची कर्ती बाईच पाणी, सरपण आणि दिवाबत्ती यांची चिंता सर्वांच्या आधी करते. पाहुण्यांस तिची ती चिंता दिसत नाही, पण तिच्यामुळेच मंडपात हसणे-खेळणे चालते. आज मी त्या कर्त्या बाईच्या भूमिकेतून आपणांशी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडाविषयी एक समजूत फार दिवसांची आहे. आम्हांस ना समुद्र, ना बर्फाचे डोंगर. काळी जमीन, कापूस आणि ऊन एवढाच आमचा संसार, तेव्हा आमच्यावर कसले अरिष्ट कोसळणार, असे लोक म्हणतात. ही समजूत किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी फार मागे जावयास नको. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगतचे मोवाड हे गाव बुडविले आणि त्या एका दिवसात २०४ माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसाने मोर्णा नदी अकोला शहराच्या वस्त्यांत शिरली. त्याच वर्षी, २२ फेब्रुवारीपासून, अमरावती शहर व अचलपूर येथे कोरोनाच्या साथीमुळे पुन्हा टाळेबंदी लागली. आणि नोव्हेंबरात अमरावतीस संचारबंदी होऊन इंटरनेटही बंद ठेवण्यात आले, तेव्हा खिशात फोन असूनही पुष्कळांस दूध-भाजीचे पैसे देता येईनात. मे २०२४ मध्ये तर उन्हाच्या तीव्रतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दुपारी अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. धक्का लहान होता. परंतु तारीख पाहा. १९९३ साली ३० सप्टेंबरच्याच पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी व भोवतालची गावे झोपेत असताना दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली. भूमी शांत आहे म्हणून ती सदैव शांत राहील, असा करार तिने कोणाशीही केलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही, परंतु न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका नाल्याकाठच्या लहान मिशन-ठाण्यावर होतो. श्रावणातली रात्र होती. सायंकाळी प्रवचनात मी सावधपणाचे महत्त्व मोठ्या आवेशाने सांगितले होते. मध्यरात्री नाल्याचे पाणी अंगणात आले, दिवे गेले, आणि सावधपणाचा उपदेश करणाऱ्या या माणसाजवळ घरात चालू स्थितीतली एक विजेरी नव्हती. होती ती उघडली तर आतील सेल गळून हिरवे झालेले. काड्यापेटी ओलसर. कपाटाची किल्ली कोणत्या खुंटीवर आहे हे अंधारात आठवेना. मी बाहेर पडलो तो अंगावरच्या कपड्यानिशी. कोणाचे प्राण गेले नाहीत, देवाची कृपा. परंतु कपाटाच्या खालच्या खणात स्नानसंस्काराच्या नोंदींच्या दोन जुन्या वह्या होत्या; त्या रात्रभर पाण्यात राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पान पान सुटे करून दोरीवर वाळत घातले. काही पाने वाचली, काहींवर निळ्या शाईचा ढग तेवढा उरला. काही महिन्यांनी एक वृद्ध बाई वयाचा दाखला मागावयास आली. निराधारांच्या निवृत्तिवेतनासाठी तिला तो हवा होता. शाळेचे तोंड तिने कधी पाहिले नव्हते, तेव्हा आमची वही हाच तिचा एकमेव पुरावा. मी तिला तिचे पान दाखविले. ती अक्षरओळख नसलेली बाई त्या निळ्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मंग मी जलमलीच नाही काय जी, फादर?" पुढे दोन म्हाताऱ्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे करून तिचे काम झाले, परंतु त्यात तिचे कित्येक हेलपाटे आणि मजुरीचे कित्येक दिवस गेले. एक विजेरी आणि एक मेणकापडाची पिशवी, एवढ्याचीच काय ती उणीव होती. तेव्हापासून मी या विषयावर नुसता उपदेश करणे सोडून दिले आहे. आज मी सांगणार आहे ते माझ्या खोलीच्या दाराजवळ प्रत्यक्ष ठेवलेले आहे. ज्यास वाटेल त्याने येऊन तपासावे.

आपले पूर्वज आपल्याइतके शिकलेले नव्हते. तरी ते या बाबतीत आपल्याहून शहाणे होते. वऱ्हाडातील जुन्या घरांत जमिनीखाली पेव असे, भिंतीत बळद असे, कोपऱ्यात कणगी असे. ज्वारी त्यांत सांठवून ठेवीत. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणास आत उतरू देत नसत. म्हणजे सांठवण कशी करावी हेच नव्हे, तर ती काढावी कशी हेही घरोघर ठाऊक होते. आज आपण किराणा आठवड्याचा भरतो, पाणी नळाच्या भरवशावर पितो, पैसा फोनमध्ये ठेवतो आणि सग्यासोयऱ्यांचे क्रमांकही फोनच्याच स्वाधीन करतो. वीज गेली, नळ बंद पडला आणि फोन मुका झाला म्हणजे आपल्या घराची स्थिती पेव रिकामे झालेल्या घरासारखी होते. पेव पुन्हा खणा असे मी म्हणत नाही. त्याची जागा घेईल अशी एक लहान शिदोरी प्रत्येक घरी असावी, एवढेच माझे मागणे आहे.

या शिदोरीचे दोन भाग करावे. एक घरात बसून राहावे लागले तर लागणारा, आणि दुसरा घर सोडून पळावे लागले तर उचलावयाचा. हा भेद नीट ध्यानात धरावा; कारण पुष्कळ लोक एकच मोठी ट्रंक भरतात, आणि ऐन वेळी ती दोघांस उचलवत नाही.

प्रथम घरातील सांठा. त्यात पाणी सर्वांत आधी. पिण्यासाठी व अगदी आवश्यक स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज निदान ३ लिटर पाणी धरावे; पाच माणसांच्या घरास तीन दिवसांचे ४५ लिटर होते, आणि आपल्या उन्हाळ्यात ६० लिटर ठेवले तरी ते अधिक नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या मंडळींस हे विशेष सांगावयास हवे. तेथे नळ बंद पडला तर विहिरीकडे धाव घेऊन भागत नाही. जमिनीखालचे पाणीच खारट. पाणी झाकणाच्या स्वच्छ डब्यात, उन्हापासून दूर ठेवावे आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बदलावे. मिस्सेस जाण्याचा तो दिवस आपल्या स्मरणात असतोच, त्यासोबत हेही स्मरेल. बदललेले पाणी झाडांस घालावे, म्हणजे ते वाया गेले असे होणार नाही. पूर ओसरल्यावर विहिरीचे वा नळाचे पाणी कितीही नितळ दिसो, ते खळखळ उकळल्यावाचून पिऊ नये. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर त्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच वापराव्या.

अन्न असे असावे की ज्यास चूल लागत नाही. यासाठी परदेशी डब्यांची गरज नाही. फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गूळ ही आपली शिदोरी शेकडो वर्षांची आहे. मात्र खारविलेले पदार्थ कमी ठेवावे. त्यांनी तहान वाढते आणि पाणी लवकर संपते. दर दोन-तीन महिन्यांनी जुने खाऊन टाकावे आणि नवे भरावे. अंगावर पिणाऱ्या बालकास संकटकाळी आईच्या दुधासारखे सुरक्षित दुसरे काहीही नाही; म्हणून अशा वेळी त्या मातेच्या अन्नपाण्याची काळजी घरातील इतरांनी आधी घ्यावी.

आता दुसरा भाग, उचलावयाचा. त्यासाठी नवी पेटी विकत घेऊ नका. मुलाचे जुने दप्तर पुरे. ते पाठीवर बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात म्हातारी आई धरता येते. ज्या पेटीसाठी आईचा हात सोडावा लागेल ती पेटी घरी नसलेलीच बरी.

दप्तरात पहिली वस्तू विजेरी. सेल तिच्यात घालून ठेवू नयेत, कागदात गुंडाळून शेजारी ठेवावे. माझ्या चुकीने शिकलेला हा धडा आहे. सोबत एक शिटी असावी. किल्लारीसारख्या प्रसंगी ढिगाऱ्याखाली अडकलेला मनुष्य ओरडून ओरडून थकतो, आवाज बसतो आणि तोंडात धूळ जाते. शिटी थोड्या श्वासात दूरवर ऐकू जाते. सेलवर चालणारा लहान रेडिओ आणि फोन भारण्याची पॉवर बँक असल्यास उत्तम. काड्यापेटी प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करावी. परंतु भूकंप वा पडझड झाल्यावर गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये, दिव्याची कळही दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर पडावे. पाणी घरात येऊ लागले आणि मुख्य कळ कोरड्या जागी असली तर ती आधी बंद करावी. ओल्या पायांनी तिला हात लावू नये.

दुसरी गोष्ट औषधे. रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार यांची नित्याची औषधे निदान एक आठवड्याची वेगळी ठेवावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत त्यांसोबत असावी. जखमेसाठी स्वच्छ पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि लहान कात्री, तापासाठी पॅरासिटॅमॉल, आणि जलसंजीवनीच्या पुड्या. पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळावे. चमचा चहाचा, आणि माप याहून वाढवू नये. वऱ्हाडात एक खबरदारी अधिक घ्यावी लागते. वैशाखात पत्र्याखाली ठेवलेले औषध आपला गुण गमावते. म्हणून दप्तर दाराजवळ, पण सावलीच्या थंड जागी असावे. इन्सुलिन मात्र दप्तरात ठेवू नये. ते शीतपेटीत असावे, आणि वीज गेल्यास ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, कुपी भिजणार नाही असे ठेवावे. उन्हाने मनुष्य बरळू लागला वा बेशुद्ध झाला तर त्यास सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. पुराच्या दिवसांत सापही कोरडी जागा शोधत घरात येतो. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास सरकारी रुग्णालयात पोहोचवावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रे, आणि येथे मी आपणांस हात जोडून विनंती करतो. आधारपत्र, शिधापत्रिका, सातबारा, घराची कागदपत्रे, बँकेचे पासबुक, विम्याचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले, स्नानसंस्कार व विवाह यांचे दाखले, या सर्वांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून दप्तरात ठेवाव्या. मूळ कागद घरात उंच जागी तशाच पिशवीत असावे. आणखी एक संच परगावच्या विश्वासू नातेवाइकाकडे द्यावा. एकाच नदीचा पूर दोन्ही घरी एकदम जाणार नाही, असा नातेवाईक निवडावा. त्याच पिशवीत एका कागदावर ठळक अक्षरांत महत्त्वाचे क्रमांक लिहावे. तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशामक दलासाठी १०१ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. त्यांखाली दोन नातेवाइकांचे व एका शेजाऱ्याचे. आणि थोडे रोख पैसे, तेही दहा, वीस, पन्नासाच्या नोटांत. संकटकाळी पाचशेची मोड कोणापाशी नसते.

बंधुभगिनींनो, एवढे भरले म्हणजे काम संपले असे नाही. दप्तर स्वतः उठून चालत नाही. म्हणून एके दिवशी रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांनी बसून चार गोष्टी ठरवाव्या. आजीस कोण धरील? लहानग्यास कोण उचलील? दप्तर कोणाच्या पाठीवर? आणि चुकामूक झाल्यास कोणत्या झाडाखाली वा कोणत्या ओट्यावर भेटावयाचे? ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी हेही ठरवावे की, पाणी वाढू लागताच गोठ्यातील दावी कोण सोडील. मोकळे जनावर बहुधा पोहून निघते. बांधलेले खुंट्याशीच बुडते. नंतर एकदा दिवे मालवून खरोखर बाहेर पडून पाहावे. मुलांस ही मौज वाटेल. वाटू द्या. मौजेत शिकलेले भयात विसरत नाही.

कोणी म्हणेल, फादर, हे श्रीमंतांचे चोचले. आम्ही रोज कमवून रोज खाणारे. त्यास माझे उत्तर असे की, सर्व एका दिवशी जमवावयास मी सांगत नाही. या महिन्यात जुने दप्तर आणि कागदांची पिशवी, पुढच्या महिन्यात शिटी आणि काड्यापेटी, त्यापुढे विजेरी. एक वर्षात शिदोरी पुरी होते. ज्याच्या घरी थोडे आहे त्यास तर ती अधिकच हवी. श्रीमंताचे वाहून गेलेले पुन्हा येते, गरिबाचा वाहून गेलेला एक कागद त्याचे वर्ष घेऊन जातो. मी ते पाहिले आहे.

दुसरा कोणी याहून गंभीर आक्षेप घेईल. देव रक्षणकर्ता असता मनुष्याने इतकी काळजी वाहावी, हा श्रद्धेचा अभाव नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पवित्र शास्त्रात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा सांठवविला, तो देवावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर देवाने दिलेली सूचना त्याने ऐकली म्हणून. दहा कुमारींच्या दृष्टान्तात पाच जणींनी कुपीत तेल घेतले. प्रभूने त्यांस भित्र्या म्हटले नाही, शहाण्या म्हटले. मात्र त्या दृष्टान्तातील तेल त्यांस दुसऱ्यांस देता आले नाही. आपली शिदोरी तशी नसावी. योसेफाने कोठारे उघडली तेव्हा परक्या देशचे भुकेलेही तेथे आले, आणि त्यांत त्यास विकणारे त्याचे स्वतःचे भाऊही होते. म्हणून दप्तर भरताना एक मूठ फुटाणे आणि एक बाटली पाणी आपल्या हिशोबाबाहेर ठेवा. पुराचे पाणी आळीतील घर कोणत्या धर्माचे वा जातीचे हे विचारून आत शिरत नाही. आपणही शिटी ऐकल्यावर ते विचारू नये. आळीत एकटी राहणारी म्हातारी कोण, अंथरुणाला खिळलेला कोण, बाळंतीण कोण, हे ज्यास ठाऊक नाही त्याची पेटी भरलेली असूनही अपुरी आहे.

शेवटी एक लहानशी सूचना करून मी आपली रजा घेतो. दरवर्षीप्रमाणे घरांस आशीर्वाद देण्यासाठी मी पुढील महिन्यापासून आपल्याकडे येणार आहे. आपण मला चहा देता, फराळ देता, उत्तम खुर्ची देता. यंदा त्याआधी एक गोष्ट दाखवा: दाराजवळचे ते जुने दप्तर. अर्धे भरलेले असले तरी चालेल. मी त्यावरही पवित्र पाणी शिंपडीन. आणि धर्मग्रामाच्या कचेरीत येऊन आपल्या घरच्या सर्वांच्या स्नानसंस्काराच्या दाखल्याची एकेक प्रत मागून न्या. ती देताना मला जो संतोष होईल त्याचे कारण आता आपणांस ठाऊक आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडील मंडळींनी वीट वीट जमवून हे मंदिर उभे केले. त्यांनी मुलांची जी नावे वहीत लिहविली, ती पुसली जाऊ न देणे हे आता तुमचे आणि माझे काम आहे.

परमेश्वर आपल्या सर्वांच्या घरांचे रक्षण करो, आणि त्या रक्षणात आपल्या हातांचाही उपयोग करून घेवो.